शनिवारचा ट्रॅक, रविवारचा घाट

रविवारी पहाटे कल्याणला शहाडच्या पुलापाशी किंवा ठाण्यात माजिवड्याच्या उड्डाणपुलाखाली एमएच-०४ आणि एमएच-०५ पाट्यांच्या मोटरसायकलींचे घोळके जमतात. कुणी मुरबाड, तोकावडे, वैशाखरे करत माळशेजला जातं, कुणी बदलापूरवरून कर्जतकडे वळतं, कुणी पडघा ओलांडून कसाऱ्याचा घाट गाठतं. मिसळ खाऊन दुपारच्या आत घरी परत, असा हा जुना शिरस्ता. त्यात अलीकडे एक भर पडली आहे. काही जण शनिवारी बंदिस्त ट्रॅकवर जातात आणि रविवारी मित्रांबरोबर घाट करतात. ट्रॅकवर वेग शिकलेला माणूस दुसऱ्या दिवशी घाटात आला, तर घाट जास्त सुरक्षित होतो की जास्त धोक्याचा, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. माझं मत असं की ट्रॅक हवाच, पण ट्रॅकवर कमावलेलं कौशल्य घाटात न खर्चता शिल्लक ठेवणाऱ्यालाच त्याचा उपयोग होतो. हे मत एकट्याने मांडण्यापेक्षा वादात तपासलेलं बरं, म्हणून इथे दोघांना बोलतं केलं आहे. मामा हे कल्याण-मुरबाड-आळेफाटा मार्गावर एसटी चालवून निवृत्त झालेले. भाची ठाण्यात नोकरी करते आणि चारशे सीसीच्या आसपासची गाडी चालवते. दोघंही कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे मात्र घरोघरी चालणाऱ्या वादातलेच.

मामा: अगं, घाट म्हणजे काय मैदान आहे? माळशेजचा रस्ता हा कल्याणहून निर्मलला जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे, ६१ नंबरचा. जुन्नर-ओतूरची भाजी त्याच रस्त्याने कल्याणच्या मार्केटात उतरते, आळेफाट्याची एसटी त्यावरूनच जाते, शाळेची पोरं कडेने चालत असतात, उन्हाळ्यात बायका करवंदं-जांभळं घेऊन वळणावर बसतात. तिथे तुम्ही गुडघा टेकवायचा सराव करणार? आम्ही घाट शिकलो तो साध्या नियमांवर. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, आणि हे तर कायद्यातच लिहिलंय. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही, तोवर तिथे काहीतरी उभं आहे असंच धरून चालायचं. ट्रकची टाकी काठोकाठ भरलेली असली की डिझेल नेमकं वळणावर सांडतं. पावसाळ्यात कड्यावरून दगड येतात, धुक्यात समोरच्या गाडीचा दिवा अगदी जवळ आल्यावर दिसतो. तुमच्या ट्रॅकवर यातलं काय असतं? मग तिथलं शिक्षण इथे काय कामाचं? आकडे बघ. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरची. एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यात मांडलेत. आजाराचं नाव वेग, आणि तू औषध म्हणून आणखी वेगच सांगतेस.

भाची: मामा, आकडे खरे आहेत, पण त्याच वर्षाच्या सरकारी अहवालात पुढे वाचा ना. सुमारे दोन-तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर झालेत. वळणं, चढउतार आणि खड्डे यांचा एकत्रित वाटा त्याहून कितीतरी कमी. हेल्मेट नसल्यामुळे गेलेली माणसं पन्नास हजारांवर. तेव्हा वळण दिसलं की माणूस मरतो असं काही नाही. माझा मुद्दा वेगळाच आहे. एसटीने तुमच्या हातात बस देण्याआधी तुम्हाला प्रशिक्षण दिलं, बाजूला उस्ताद बसवला. मला कुणी काय शिकवलं? शिकाऊ परवाना काढला, आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही म्हणून पास. तो आठ माणसाच्या चालीच्या वेगाने काढायचा असतो. त्याच परवान्यावर मी शंभर सीसीची गाडी चालवू शकते आणि ताशी अडीचशे किलोमीटर पळणारी हजार सीसीचीसुद्धा. पुढचा ब्रेक जोरात कसा दाबायचा, हे मला एकदाही कुणी विचारलं नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांच्या जागी जाऊन तपास केला. तो अहवाल १९८१ साली आला. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. धोका दिसल्यापासून आदळेपर्यंत त्यांच्या हाती दोन सेकंदसुद्धा नव्हते. त्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक करकचून दाबला आणि पुढचा धड वापरलाच नाही. म्हणजे जो ब्रेक गाडी खऱ्या अर्थाने थांबवतो, त्याचीच भीती. ही भीती मी कुठे घालवू? शिळफाट्याच्या रहदारीत?

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. मामा रस्त्याच्या ज्ञानाबद्दल बोलतात, भाची गाडीच्या ज्ञानाबद्दल. ट्रॅकबद्दलचा बराचसा गैरसमज इथूनच सुरू होतो, म्हणून ट्रॅकवर प्रत्यक्षात काय चालतं ते आधी पाहू. सकाळी गाडीची तपासणी होते. आरसे काढून ठेवायचे, काचेच्या दिव्यांवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे फुटलेच तर तुकडे ट्रॅकवर पसरत नाहीत. ब्रेकचे पॅड, चेनचा ताण, टायरची नक्षी आणि हवा पाहिली जाते. अंगात चामड्याचा सूट, पायात घोट्यावर येणारे बूट, हातात पूर्ण ग्लोव्ह्ज नसतील तर आत प्रवेश नाही. मग झेंडे समजावतात. पिवळा दिसला की पुढे धोका आहे, ओव्हरटेक बंद. लाल दिसला की सत्र थांबलं, हळू परत या. अनुभवानुसार गट पाडतात आणि पंधरा-वीस मिनिटांचं एकेक सत्र होतं. नवख्यांच्या गटात ओव्हरटेक करण्यावर कडक बंधनं असतात. ट्रॅकच्या कडेला शंकू ठेवलेले असतात. एक ब्रेक कुठे धरायचा ते सांगतो, दुसरा गाडी कुठे वळवायची ते, तिसरा वळणाच्या आतल्या कडेला कुठे स्पर्श करायचा ते. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेगाचा खेळ वाटतो. आत असलेल्याला मात्र तेच वळण पुन्हा पुन्हा, एकेक चूक काढत घ्यायचं असतं.

या पुनरावृत्तीतून तीन गोष्टी अंगवळणी पडतात. पहिली ब्रेकची. पुढचा ब्रेक एकदम ओढायचा नसतो. आधी बोटांनी हलका दाब द्यायचा, गाडीचं वजन पुढच्या चाकावर येऊ द्यायचं, फोर्क दबला की मग दाब वाढवत न्यायचा. वजन आलेल्या टायरला पकड मिळते आणि बिनवजनाचं चाक घसरतं, हे हाताला एकदा कळलं की विसरत नाही. दुसरी गोष्ट नजरेची. घाबरलेला माणूस ज्या दगडाकडे किंवा कठड्याकडे बघतो, गाडी तिकडेच जाते. वळणात शिरतानाच वळणाच्या शेवटाकडे बघायचं, ही साधी सवय तोंडी सांगून लागत नाही, ती लावून घ्यावी लागते. तिसरी गोष्ट वळणाच्या मधोमध शांत राहण्याची. वेग जास्त झालाय असं वाटलं की नवखा माणूस थ्रॉटल सोडतो, ब्रेकवर पाय मारतो, गाडी सरळ होऊन समोरच्या लेनमध्ये जाते. हर्ट यांच्या अहवालात दुसऱ्या कुणाशी टक्कर न होता झालेल्या अपघातांचं वर्णन आहे, त्यात ब्रेक जास्त दाबून घसरणं आणि वळणात बाहेर फेकलं जाणं हीच चालकाची नेहमीची चूक आढळते. ट्रॅकवर ही चूक झाली तर माणूस मातीत किंवा गवतात जातो. घाटात झाली तर समोरून येणाऱ्या बसखाली किंवा दरीत. मामांचं डिझेल, धुकं आणि दगड ट्रॅकवर नसतात हे खरं आहे. ते नसतात म्हणूनच तिथे एका वेळी एकच गोष्ट शिकता येते.

मामा: हे सगळं ठीक, पण पट्टीचा पोहणाराच बुडतो हे विसरू नकोस. ज्याला येत नाही तो बिचारा कडेकडेने जातो. ज्याला चार गोष्टी यायला लागल्या तोच पोरगा वळणावर बसला ओव्हरटेक मारतो. ट्रॅकवरून आलेल्याच्या डोक्यात शनिवार असतो आणि हात रविवारच्या घाटात चालतो. तुमच्या त्या शंकूंनी त्याला सांगितलेलं असतं की इथे ऐंशीने वळण जातं. घाटात शंकू नसतात, पण आकडा डोक्यात राहतो.

मामांच्या या आक्षेपाला भक्कम पुरावा आहे, आणि ट्रॅकच्या समर्थकांना तो टाळता येणार नाही. नॉर्वेने १९७९ साली नवीन कारचालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. पुढे त्याचा परिणाम तपासला तेव्हा तरुण पुरुषांच्या बाबतीत अपघात कमी होण्याऐवजी वाढल्याचं दिसलं. घसरलेली गाडी आपण सावरू शकतो असा विश्वास बसला आणि बर्फावरचा वेग वाढला. कौशल्य वाढलं, पण त्याबरोबर हाव त्याहून जास्त वाढली. हा अनुभव कारचा असला तरी मोटरसायकलला तो जास्तच लागू पडेल, कारण मोटरसायकल घेणाऱ्याला वेगाचं आकर्षण बहुधा आधीपासूनच असतं. म्हणून ट्रॅकवर एक दिवस काढला की माणूस आपोआप सुरक्षित होतो, असा दावा मी करत नाही. जो तसा दावा करतो, तो मामांसमोर टिकणार नाही.

पण नॉर्वेच्या अनुभवातून प्रशिक्षण बंद करा असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो असा, की काय शिकवायचं ते नीट ठरवा. त्यानंतर स्कँडिनेव्हियातल्या प्रशिक्षणाचा भर बदलला. गाडी कशी सावरायची यापेक्षा ती किती चटकन हाताबाहेर जाते, हे शिकाऊ माणसाला अनुभवू देण्याकडे कल झाला. ट्रॅकवरचा शनिवारही याच कामासाठी वापरला पाहिजे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. डोक्याला धोका कळून बोटं ब्रेकवर येईपर्यंत तेवढा एक सेकंद सहज जातो. कोरड्या चांगल्या डांबरावर नीट ब्रेक मारला तरी पुढे आणखी २३ मीटर लागतात, म्हणजे एकूण चाळीस. वेग ८० केला की हाच हिशेब ६३ मीटरवर जातो. वेग वाढला एक-तृतीयांशाने, थांबायचं अंतर वाढलं दीडपटीहून जास्त. हे कागदावर कुणालाही पटतं. पण स्वतःच्या गाडीचं एबीएस हाताखाली थरथरताना, आपण थांबू असं वाटलेला शंकू मागे पडताना पाहिलं, की पुढच्या वेळी वळणापलीकडचं न दिसणारं अंतर माणूस वेगळ्या नजरेने मोजतो. मामांचा नियम, दिसत नाही तोवर तिथे काहीतरी उभं आहे असं धरा, हा याच हिशेबाचा अनुभवाने आलेला सारांश आहे. ट्रॅक त्या नियमामागचे मीटर दाखवतो.

घाटाच्या अरुंद नागमोडी वळणाचंही गणित असंच आहे. वीस मीटर त्रिज्येचं वळण ताशी ३० किलोमीटरने घेतलं, तर टायरला जी पकड लागते ती कोरड्या चांगल्या रस्त्यावर मिळू शकणाऱ्या पकडीच्या निम्म्यालाही पोचत नाही. तेच वळण ४० ने घेतलं की टायरवरची मागणी जवळजवळ पावणेदोन पट होते. ४५ ला ती बऱ्याच टायरांच्या कोरड्या मर्यादेशी भिडते. रस्ता कोरडा, टायर चांगला आणि समोर काहीच नसेल तर ४५ नेही वळण जाईल. ट्रॅकवर हे सगळं हमखास असतं. घाटात मात्र सांडलेलं डिझेल, वाळूचे कण, ओली पानं किंवा दुसऱ्या बाजूने मधल्या रेषेवर आलेली ट्रकची शेपटी यांपैकी एकही गोष्ट आली, तर ३० ने जाणाऱ्याकडे पकड शिल्लक असते आणि ४५ ने जाणाऱ्याकडे काहीच नसते. ट्रॅकवर मर्यादा गाठायची ती एवढ्याचसाठी, की घाटात आपण त्या मर्यादेपासून किती लांब आहोत हे कळावं. मर्यादा न पाहिलेल्या माणसाला आपल्या हाताशी किती शिल्लक आहे याचा अंदाज नसतो. तो कधी उगाच घाबरतो आणि कधी उगाच धीट होतो, आणि दोन्ही सारखंच घातक.

भाची: मामा, मला एक कबूल केलंच पाहिजे. वेग आवडतो, तो नाकारून जात नाही. ‘हळू चालव’ एवढंच सांगत राहिलात तर तो आवडणं कुठेतरी बाहेर पडतंच, आणि ठाणे-कल्याणात बाहेर पडायला रस्त्याशिवाय जागाच नाही. रात्री येऊरच्या चढावर जे चालतं, घोडबंदर रोडला उड्डाणपूल रिकामा मिळाला की जे होतं, ते त्यातूनच होतं. शनिवारी ट्रॅकवर त्याची जागा त्याला दिली, की रविवारी घाटात वेगळं काहीतरी करता येतं. चाळीसने जाताना ब्रेक न लावता, एका लयीत वळणामागून वळण घेत जायचं, चढ संपल्यावर पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसलं की गाडी बाजूला लावून चहा प्यायचा. टूरिंगची मजा यातच आहे. वेग लागतो तो ट्रॅकला. घाटाला लागतो वेळ. आणि मित्रांबरोबर जाताना आमचे नियम असतात. सगळ्यांत नवखा माणूस पुढून दुसरा, म्हणजे गटाचा वेग तो ठरवतो. घाटात आपापसात ओव्हरटेक नाही. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत थांबायचं, म्हणजे मागे राहिलेल्याला गाठण्यासाठी पळावं लागत नाही.

मामा: नियम चांगले आहेत, पण नियम पाळणारे किती? आणि दुसरं, हे सगळं कुणासाठी? ट्रॅकची फी, चामड्याचा सूट, टायर झिजणार ते वेगळे. शर्यतीत किंवा वेगाच्या चाचणीत गाडी पडली तर विमा कंपनी पैसे देत नाही, पॉलिसीतच लिहिलेलं असतं. ट्रॅक कुठे तर चेन्नईला, कोइंबतूरला, दिल्लीच्या पलीकडे. आता माझ्या कल्याणचं बघ. दिव्याहून पार्सलं पोचवायला निघालेला पोरगा, स्टेशनला जायला निघालेला बाप मागे लेकीला बसवून. २०१८च्या पावसाळ्यात कल्याणात खड्ड्यांनी दुचाकीवरची माणसं मारली, ती काय घाटात गुडघा टेकवत होती? मरतो तो हा माणूस. तुमचा ट्रॅक म्हणजे सुखवस्तूंची हौस, तिला सुरक्षेचं नाव देऊ नका.

हा सगळ्यांत न्याय्य आक्षेप आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१ किलोमीटरचं. २०२३च्या सप्टेंबरात तिथे मोटोजीपीची शर्यत झाली. डोंबिवलीच्या नोकरदाराला शनिवार-रविवारात ही ठिकाणं परवडत नाहीत. तळेगावजवळ नाणोलीला छोटा ट्रॅक झाल्यापासून ठाणेकरांची थोडी सोय झाली, पण तो खासगी आहे आणि त्याचा खर्चही सगळ्यांना झेपणारा नाही. दुसऱ्या बाजूला याच राज्यात मोटरसायकली बनतात. बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून २०११ पासून केटीएमच्या गाड्या आणि २०२३ पासून ट्रायम्फच्या चारशे सीसीच्या गाड्या बाहेर पडल्या. एप्रिलियाची ४५७ सीसीची स्पोर्ट्स बाइक बारामतीत बनते. या गाड्यांच्या जाहिरातीत वाकलेली गाडी आणि रिकामं वळण असतं. ते वळण गिऱ्हाइकाला कुठे मिळणार, याचं उत्तर जाहिरातीत नसतं. मग तो ते वळण माळशेजमध्ये शोधतो.

पण मामांनी मांडलेल्या विषमतेचं उत्तर ट्रॅक नाकारण्यात नाही, तो स्वस्त आणि जवळ करण्यात आहे. वर सांगितलेल्या तीन गोष्टी शिकायला साडेतीन किलोमीटरचा ट्रॅक लागत नाही. ब्रेकसाठी दोनशे मीटरची बंद डांबरी पट्टी पुरते. नजर आणि वळण शिकायला वीसेक शंकू, एक जाणकार शिक्षक आणि आजूबाजूला भिंत किंवा कठडा नसलेली मोकळी जागा पुरते. ठाणे जिल्ह्यात मुरबाड किंवा भिवंडी तालुक्यात अशी जागा करणं अशक्य नाही. परवान्याच्या चाचणीची मैदानं सुट्टीच्या दिवशी याच कामाला वापरता येतील. आणि तिथे पहिला हक्क स्पोर्ट्स बाइकवाल्यांचा नको, दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या डिलिव्हरीच्या मुलांचा हवा. खड्डे बुजवायला पर्याय नाहीच, ते पालिकेचं काम आहे आणि त्याची जबाबदारी चालकाच्या कौशल्यावर ढकलता येणार नाही. मात्र पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला, खड्ड्यात साचलेलं पाणी शेवटच्या क्षणी दिसलं, तर पुढचा ब्रेक योग्य वापरणारा वाचण्याची शक्यता जास्त. या मुद्द्यावर मामांचा स्टेशनचा माणूस आणि भाची एकाच पक्षात येतात.

शासनाच्या धोरणाकडेही याच अंगाने पाहायला हवं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी, अटल सेतूवर बंदी, समृद्धी महामार्गावर बंदी. समृद्धीचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, तो भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत, म्हणजे ठाण्याच्या दारात. जड आणि वेगवान वाहनांपासून दुचाकी वेगळी ठेवण्यामागे कारण आहे, ते मान्य. पण त्याचा अर्थ असा होतो, की रस्त्यावर सर्वाधिक मृत्यू होणाऱ्या या वर्गाला जुने रस्ते आणि जुने घाट तेवढे दिले आहेत, तेही ट्रक-एसटीच्या सोबतीने. बंदी घालण्यात तत्परता दाखवणाऱ्या यंत्रणेने शिकवण्याची जागा देण्यातही तेवढीच तत्परता दाखवली, तर या दोन धोरणांची तोंडमिळवणी होईल. दुचाकीस्वाराला ‘इथे येऊ नकोस’ असं सांगून झालं. ‘इथे शीक’ असं सांगणारी पाटी अजून लागलेली नाही.

मामा: जागा झाली, शिक्षक आला, तरी मित्रांचं काय करशील? एकटा पोरगा घाटात शहाण्यासारखा जातो. चार जण झाले की प्रत्येकाला मागे राहण्याची लाज वाटते. त्यात हेल्मेटवर कॅमेरा. बसच्या काचेतून मी हे रोज पाहिलंय.

मामांनी शेवटी नेमकं दुखणं धरलं. घाटातला बराचसा अविचार एकट्याचा नसतो, घोळक्याचा असतो. कायद्यात याला नाव आहे. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची स्पर्धा लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या १८९ कलमाखाली गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण प्रत्येक वळणावर पोलीस उभा करता येत नाही. आणि या घोळक्याचा त्रास फक्त अपघाताचा नाही. सायलेन्सर बदललेल्या दहा गाड्या पहाटे वैशाखऱ्यातून गेल्या, की गाव जागं होतं, आणि गावाने त्याला संमती दिलेली नसते. ऑस्ट्रियातल्या टायरॉल प्रांताने २०२० साली काही घाटरस्त्यांवर ९५ डेसिबलच्या वर आवाज असलेल्या मोटरसायकलींना उन्हाळ्यात बंदी घातली. तिथले स्वार रागावले, पण बंदी टिकली. उद्या मुरबाड तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी अशीच मागणी केली, तर ठाणे-डोंबिवलीच्या स्वारांना उत्तर देणं अवघड जाईल. घाट आपला नाही, आपण तिथले पाहुणे आहोत, हे मानलं तरच पुढच्या वर्षी तिथे स्वागत होईल.

म्हणून ट्रॅकच्या बाजूने मी उभा राहतो तो एका अटीवर. ट्रॅक आधी, घाट नंतर, आणि दोहोंच्या मध्ये स्पष्ट रेघ. शनिवारी मोजायचं, की आपण किती वेगात वळू शकतो आणि किती अंतरात थांबू शकतो. रविवारी त्यातला निम्मा भाग वापरायचा आणि उरलेला निम्मा मामांच्या डिझेलसाठी, धुक्यासाठी, रस्त्यावर आलेल्या गुरासाठी राखायचा. गटाचा वेग नवख्याने ठरवायचा आणि कॅमेरा असलाच तर तो पुढच्या माणसाच्या चुका नंतर बसून पाहण्यासाठी. हा नियम चालतोय की नाही हे तपासायला मोठं संशोधन नको. ट्रॅकवर जाऊन आलेला माणूस पुढच्या वेळी माळशेज आधीपेक्षा सावकाश उतरला, तर शिक्षण पोचलं. तो आधीपेक्षा वेगाने उतरला, तर ट्रॅकवर त्याने मर्यादा पाहिलीच नाही, फक्त वेग पाहिला. अशा माणसाने रविवारचा घाट रद्द करून पुढचा शनिवार पुन्हा ट्रॅकवर घालवावा. आणि त्याला हे तोंडावर सांगण्याची जबाबदारी पोलिसांआधी त्याच्याबरोबर मिसळ खाणाऱ्या मित्रांची आहे.